कराटे शिकल्यानं एकाग्रता वाढते का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या अंकासाठी आलेल्या पत्रांत तीन पत्रं एकाच विषयाची निघाली. मार्शल आर्ट्स शिकल्यानं लक्ष, स्मरणशक्ती, विचार करण्याची क्षमता यांना खरोखर फायदा होतो का, असं तिघांनी तीन बाजूंनी विचारलं आहे. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं आणि तरुणपणापासून ज्यूदोच्या मॅटवर वावरले. हा विषय माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे, म्हणून यावेळी बाकीची पत्रं बाजूला ठेवून या तिघांनाच उत्तरं देते.

प्रश्न : माझा मुलगा तिसरीत आहे. अभ्यासाला बसवला की पाच मिनिटांत उठतो. जवळच्या कराटे क्लासच्या पत्रकात ‘एकाग्रता, स्मरणशक्ती आणि गणितात हमखास सुधारणा, संशोधनाने सिद्ध’ असं छापलं आहे. सहा महिन्यांची फी एकदम मागतात. खरंच असं सिद्ध झालंय का?
– एक आई, नाशिक

उत्तर : ताई, हमखास असं काहीही सिद्ध झालेलं नाही. पण गणिताचा उल्लेख त्यांनी मनानं केलेला नसावा. त्यामागे एक चांगला अभ्यास आहे आणि तो समजून घेतलात तर क्लास निवडताना तुम्हाला उपयोग होईल.

किंबर्ली लेक्स आणि विल्यम हॉइट या अमेरिकन संशोधकांनी तो २००४ साली प्रसिद्ध केला. एका शाळेतली बालवर्गापासून पाचवीपर्यंतची २०७ मुलं त्यांनी घेतली. कोणत्या वर्गाला तायक्वांदो ही कोरियातली मार्शल आर्ट शिकवायची आणि कोणत्या वर्गाला नेहमीची पीटी द्यायची, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. त्यामुळे ‘मुळातच शांत मुलं तायक्वांदोला गेली असतील’ ही शंका बरीचशी मिटते. तीन महिन्यांनी तायक्वांदोच्या मुलांमध्ये स्वतःला आवरणं, वर्गातलं वागणं, इतरांशी जुळवून घेणं आणि तोंडी गणितं या सगळ्यांत पीटीच्या मुलांपेक्षा जास्त सुधारणा दिसली. मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये हा फरक मोठा होता.

पत्रकं इथवरच सांगतात. त्या तासाला नेमकं काय चालायचं, ते कुणी सांगत नाही. मुलांना स्वतःला तीन प्रश्न विचारायला शिकवलं जायचं. मी कुठे आहे? मी काय करतोय? मी काय करायला हवं? पहिल्या प्रश्नानं भरकटलेलं मन जागेवर यायचं. दुसऱ्यानं मूल स्वतःकडे पाहायचं. तिसऱ्यानं पुढची कृती ठरवायचं. लाथा आणि ठोसे होतेच, पण त्यांच्या जोडीला ही सवयही लावली जात होती. माझं मत विचाराल तर फायद्याचा मोठा वाटा या सवयीचा आहे.

असं म्हणायला आणखी एक आधार आहे. १९८६ सालच्या एका अभ्यासात गुन्हेगारीकडे वळलेल्या ३४ किशोरवयीन मुलांचे तीन गट केले होते. एका गटाला तायक्वांदो पारंपरिक पद्धतीनं शिकवलं, म्हणजे ध्यान, आदर, संयम या सगळ्यासकट. दुसऱ्या गटाला फक्त मारामारीचं तंत्र शिकवलं. तिसऱ्या गटाकडून पळणं, बास्केटबॉल असा व्यायाम करून घेतला. सहा महिन्यांनी पहिल्या गटाची आक्रमकता आणि चिंता कमी झाली होती. दुसऱ्या गटाची आक्रमकता उलट वाढली होती. मुलं थोडी होती हे खरं, पण शिकवण्याची पद्धत बदलली की परिणाम उलटा होऊ शकतो, एवढं यातून नक्की कळतं.

म्हणून फी भरण्याआधी एक दिवस क्लासमध्ये बाकावर बसून पाहा. शोतोकान पद्धतीचा क्लास असेल तर नवी मुलं ‘हेयान शोदान’ नावाची काता करत असतील. काता म्हणजे ठरलेल्या क्रमानं करायच्या हालचाली. तिच्यात एक जागा अशी येते, की मुलं पुढे पावलं टाकत तीनदा हात कपाळाच्या वर नेऊन वार अडवतात, तिसऱ्या वेळी ‘किआई’ची आरोळी देतात आणि लगेच पाठीमागून पाऊण गिरकी घेऊन वळतात. नव्या मुलांची गडबड नेमकी इथे होते. शरीर जवळच्या बाजूनं वळायला बघतं, कारण तिकडून पाव वळणातच काम होतं. काही मुलं तशीच वळतात, काही शेजाऱ्याकडे बघून वळतात. बरोबर वळायचं तर पुढची हालचाल मनात धरून ठेवावी लागते आणि शरीराची सोपी ओढ त्या क्षणी थांबवावी लागते. मानसशास्त्रात या क्षमतांना फार महत्त्व आहे, आणि तोंडी गणितातही त्याच लागतात.

आता सर काय करतात ते बघा. चुकलेल्या मुलावर नुसते ओरडतात, की त्याला थांबवून ‘आता कुठे आहेस? पुढचं काय?’ असं विचारतात? मुलांना जमायला लागलं की थोडं अवघड करतात, की महिनोन् महिने तेच घटवून घेतात? अ‍ॅडेल डायमंड या शास्त्रज्ञ मुलांच्या या क्षमतांवर अनेक वर्षं काम करत आल्या आहेत. २०११ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी आणि कॅथलीन ली यांनी अशा सगळ्या उपक्रमांचा आढावा घेतला. त्यात पारंपरिक मार्शल आर्ट्सचं नाव आहे. आव्हान सतत वाढत गेलं तरच फायदा होतो, असं त्यांनी म्हटलं आहे. ज्या मुलांची स्वतःला आवरण्याची क्षमता सुरुवातीला कमी असते, त्यांना अशा उपक्रमांचा जास्त फायदा होतो, हेही त्यांचं निरीक्षण आहे. तुमच्या मुलाच्या दृष्टीनं ही चांगली बातमी आहे.

एका गोष्टीत मात्र तडजोड नको. डोक्यावर खरा मार बसू देणारी लढत मुलांकडून करून घेत असतील तर तो क्लास सोडा. बॉक्सरांच्या मेंदूला बसणाऱ्या माराबद्दल हॅरिसन मार्टलँड या डॉक्टरांनी १९२८ मध्येच लिहून ठेवलं होतं. लास व्हेगासमध्ये क्लीव्हलँड क्लिनिक २०११ पासून व्यावसायिक लढवय्यांच्या मेंदूचा पाठपुरावा करत आहे. जास्त लढती खेळलेल्यांच्या मेंदूतले काही भाग आकसलेले आणि विचाराचा वेग मंदावलेला तिथे आढळला. लक्ष सुधारायला पाठवलेल्या मुलाच्या डोक्याला मार लागणं कोणत्याही आईला परवडणारं नाही.

फी एका महिन्याची भरा, जमत नसेल तर दुसरा क्लास बघा. आणि शाळेतल्या बाईही हीच तक्रार करत असतील, खेळतानाही त्याचं लक्ष टिकत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना किंवा बालमानसतज्ज्ञांना एकदा दाखवा. कराटे तपासणीची जागा घेऊ शकत नाही.

प्रश्न : बाई, मी एम. ए. मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लहानपणापासून तालमीत मर्दानी खेळ खेळते, लाठी आणि दांडपट्टा. प्रबंधासाठी ‘मर्दानी खेळांचे बौद्धिक फायदे’ हा विषय घेतला आहे. ३० खेळाडू आणि ३० न खेळणारे घेऊन स्ट्रूप चाचणी करायची, असं डोक्यात आहे. एवढ्यावर फायदा सिद्ध होईल का? आमच्या तालमीत मे महिन्यात शिबिर असतं. नावं जास्त येतात म्हणून दोन तुकड्या कराव्या लागतात. त्याचा काही उपयोग होईल का?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : तुझ्या पत्राचं शेवटचं वाक्य वाचून मला फार आनंद झाला. त्या दोन तुकड्यांतच तुझा प्रबंध आहे. पण आधी तुझ्या पहिल्या बेताबद्दल बोलू.

खेळाडू आणि न खेळणारे अशी तुलना जगभर झाली आहे आणि तिच्यातून शिकण्यासारखंही बरंच आहे. वेल्समधल्या बँगर विद्यापीठात अ‍ॅशली जॉनस्टन आणि पालोमा मारी-बेफा यांनी २०१८ मध्ये ४८ प्रौढांची तपासणी केली. त्यांतले २१ जण किमान दोन वर्षं मार्शल आर्ट्स करणारे होते. पडद्यावर बाणांची ओळ येते आणि मधला बाण कोणत्या दिशेला आहे त्याप्रमाणे बटण दाबायचं असतं. कधी आधी इशारा मिळतो, कधी अचानक बाण येतात. या एका चाचणीतून लक्षाचे तीन पैलू वेगळे काढता येतात : सावध राहणं, योग्य जागी लक्ष वळवणं आणि गोंधळात टाकणाऱ्या गोष्टी बाजूला सारणं. मार्शल आर्ट्सवाले सावधपणात सरस ठरले. बाकी दोन्हींत तसा फरक मिळाला नाही. तुझी स्ट्रूप चाचणी नेमकी तिसऱ्या पैलूच्या जवळची आहे. ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत दिसतो आणि शाईचा रंग सांगायचा असतो, म्हणजे वाचायची ओढ थांबवायची. मर्दानी खेळाचा फायदा सावधपणात असेल, तर स्ट्रूपमध्ये तो तुला दिसणारच नाही.

चाचणी निवडताना आणखी एक अभ्यास ध्यानात ठेव. २००२ मध्ये जपानमध्ये शुजी मोरी आणि सहकाऱ्यांनी कराटेपटूंचा प्रतिसादाचा वेग मोजला. पडद्यावर नुसता ठिपका दाखवून बटण दाबायला सांगितलं तेव्हा कराटेपटू आणि नवशिके यांच्यात फारसा फरक नव्हता. प्रतिस्पर्ध्याचा हल्ला व्हिडिओवर दाखवून वार वर येणार की मध्ये ते ओळखायला सांगितलं, तेव्हा कराटेपटू स्पष्टपणे पुढे होते. म्हणजे सराव झाला तो समोरच्याचं अंग वाचण्याचा. तू दांडपट्ट्यानं लिंबू कापतेस तेव्हा डोळा, मनगट आणि पाऊल यांचा जो मेळ बसतो, तो त्या लिंबासाठी बसलेला असतो. तो परीक्षेच्या हॉलमध्येही कामाला येतो का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि खरं संशोधन त्या प्रश्नाचं व्हायला हवं.

तुझ्या बेतातली मोठी अडचण मात्र तुलनेची आहे. बँगरच्या अभ्यासातही ती आहेच. वर्षानुवर्षं तालमीत टिकलेली माणसं आणि तालमीत कधी न आलेली माणसं मुळातच वेगळी असू शकतात. तुझ्याबरोबर सुरू केलेल्या मुली आठव. किती जणी राहिल्या? ज्या राहिल्या त्या पहिल्यापासूनच चिकाटीच्या असतील, घरून पाठिंबा असलेल्या असतील. मग चाचणीत त्या पुढे आल्या तर श्रेय लाठीला द्यायचं की चिकाटीला? लंडनमधल्या एका अभ्यासात १२ ब्लॅक बेल्ट आणि तेवढेच तंदुरुस्त पण कराटे न करणारे लोक यांच्या मेंदूची छायाचित्रं घेतली. फक्त पाच सेंटिमीटरवरून मारलेल्या ठोशात ब्लॅक बेल्टवाल्यांचं मनगट आणि खांदा यांची वेळ अचूक जुळत होती, आणि लहान मेंदूतल्या पांढऱ्या द्रव्यातही, म्हणजे मेंदूचे भाग जोडणाऱ्या तंतूंतही, फरक दिसला. सराव जितक्या लहान वयात सुरू केलेला, तितका या फरकाशी त्याचा संबंध दिसत होता. अतिशय सुंदर अभ्यास आहे, पण सरावानंच मेंदू बदलला असं त्यावरूनही ठामपणे म्हणता येत नाही.

आता तुझ्या शिबिराकडे येऊ. नावं जास्त येणारच आहेत, तर वस्तादांना विनंती कर की कोण पहिल्या तुकडीत आणि कोण दुसऱ्या, हे ओळखीवर किंवा फॉर्म आधी भरण्यावर ठरवायचं नाही. मुलांसमोर चिठ्ठ्या काढायच्या. पहिली तुकडी लाठी शिकेल. त्याच काळात दुसरी तुकडी तेवढाच वेळ, तेवढ्याच उत्साही ताई-दादांबरोबर लंगडी आणि खो-खो खेळेल आणि नंतर लाठीला येईल. कुणावर अन्याय नाही. दुसऱ्या तुकडीला नुसतं घरी बसवू नकोस. तसं केलंस तर व्यायाम, नवे मित्र, मोठ्यांचं कौतुक यांपैकी कशामुळे फरक पडला ते कळणार नाही. खो-खोतही सावधपणा लागतोच, त्यामुळे ही तुलना कडक होईल. कडकच हवी. खो-खोपेक्षा लाठीनं काही जास्त दिलं, असं दिसलं तर ते ऐकण्यासारखं असेल.

दोन्ही तुकड्यांची चाचणी शिबिराआधी आणि नंतर घे. दुसऱ्यांदा सगळेच सुधारतात, कारण चाचणीची सवय होते. दोन्ही गटांच्या सुधारणेतला फरक तेवढा तुझा. बाणांची चाचणी पीईबीएल किंवा सायटूलकिट या मोफत प्रणालींवर मिळते. सूचना मराठीत लिही, चार-पाच मुलांवर आधी करून बघ आणि सगळ्यांसाठी एकच लॅपटॉप वापर, कारण इथे सेकंदाच्या हजाराव्या भागाचा हिशेब असतो. चाचणी तू स्वतः घेऊ नकोस. तुझं तालमीवर प्रेम आहे आणि ते तुझ्या आवाजात उतरेल. वर्गमैत्रिणीला घ्यायला सांग आणि कोण कोणत्या तुकडीतलं हे तिला कळू देऊ नकोस. मुलांनी त्या दिवशी तालमीचा टी-शर्ट घालून येऊ नये, एवढंही सांगावं लागतं.

संख्येचं बोलायचं तर मध्यम आकाराचा फरक भरवशानं पकडायला दोन गटांच्या साध्या तुलनेत प्रत्येकी साधारण ६४ जण लागतात. ३० मध्ये फक्त मोठा फरक सापडतो. आधीची चाचणी हिशेबात धरलीस तर थोड्या कमी मुलांत भागेल. जी-पॉवर नावाच्या मोफत प्रणालीत स्वतः आकडे घालून बघ. महिनाभराचं शिबिर कमी पडेल अशी मला भीती वाटते, लेक्स आणि हॉइट यांना तीन महिने मिळाले होते. वस्ताद तयार असतील तर जून-जुलैत संध्याकाळी सराव चालू ठेव आणि तिसरी चाचणी घे. दुसऱ्या तुकडीलाही तोवर खो-खोच खेळू दे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पालकांची लेखी संमती लागेल. शिवाय मुलांचीही हवी : ७ ते १२ वर्षांच्या मुलांची तोंडी, त्यापुढच्यांची लेखी. विभागाच्या नैतिकता समितीकडे मार्चच्या आत अर्ज दे, मे महिना लवकर येतो. आणि कोणती चाचणी मुख्य, कोणता फरक आला तर ‘फायदा झाला’ म्हणायचं, हे आधीच कागदावर लिहून मार्गदर्शकांची तारखेसह सही घे. नंतर दहा आकड्यांतला बरा दिसणारा एक उचलण्याचा मोह प्रत्येकाला होतो.

फरक नाहीच आला तर तसंच लिही. जर्मनीत रेगेन्सबुर्गला पेट्रा यान्सन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये वृद्धांना कराटे शिकवलं. बौद्धिक चाचण्यांत कराटेगट वेगळा ठरला नाही, पण त्यांच्यातली उदासी कमी झाली. त्यांनी दोन्ही गोष्टी छापल्या, म्हणून आज त्या अभ्यासावर विश्वास ठेवता येतो. तूही मुलांचा मूड मोजणारी एखादी लहान प्रश्नावली जोडून घे. प्रबंध झाला की एक प्रत मला पाठव, मला मनापासून वाचायचा आहे.

प्रश्न : माझं वय ७१. हल्ली ओळखीची नावं ऐन वेळी आठवत नाहीत. अमेरिकेतली मुलगी म्हणते, बाबा, व्हिडिओ कॉलवर ताय ची करा, स्मरणशक्तीला चांगलं असतं. मॉर्निंग वॉकचे मित्र म्हणतात, या वयात हे कसलं खूळ. काय करावं?
– निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर : सर, मुलीचं ऐका. ताय ची ही चीनमधली जुनी युद्धकला आहे, आज ती बहुतेक ठिकाणी संथ हालचालींचा व्यायाम म्हणून करतात. ओरेगनमधले फूझाँग ली आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग जणू तुमच्यासाठीच केला आहे. विसरभोळेपणा जाणवणारी ६५ वर्षांवरची ३१८ माणसं, सगळी आपापल्या घरी, शिक्षक पडद्यावर, आठवड्यातून दोनदा एक-एक तास, २४ आठवडे. एका गटानं नेहमीची ताय ची केली. दुसऱ्या गटानं तीच करताना डोक्यालाही काम दिलं, उदाहरणार्थ हालचाल चालू असताना शब्दाचं स्पेलिंग सुलट आणि उलट सांगायचं. तिसऱ्या गटानं अंग ताणण्याचे व्यायाम केले. ३० गुणांच्या बौद्धिक चाचणीत दुसरा गट नेहमीच्या ताय चीवाल्यांपेक्षा सरासरी दीड गुणानं आणि ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा २.८ गुणांनी जास्त सुधारला.

तुम्ही शिक्षक आहात, डोक्याचं काम तुम्हाला मी काय सांगणार. हात संथ वर जात असताना सांगली, मिरज, कवठेमहांकाळ अशी गावं उलट अक्षरांत म्हणा, सतरा-एकोणीसचे पाढे उलटे म्हणा. सोपं वाटायला लागलं की बदला.

सुरू करण्याआधी मात्र डॉक्टरांकडून बी-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासून घ्या. या दोन्हींच्या कमतरतेनं विसरायला होतं आणि ती औषधानं भरून निघते. शाकाहारी असाल तर बी-१२ नक्कीच बघा. रक्तदाबाच्या गोळ्यांनी उभं राहताना चक्कर येत असेल तर तेही सांगा. पहिले काही दिवस भिंतीजवळ, पाठीची भक्कम खुर्ची हाताशी ठेवून उभे राहा. पायांत घसरणारी चप्पल नको. गुडघा कुरकुरला तर कमी वाका, हालचाल तेवढीच चालू ठेवा.